हलगी, सॅक्सोफोन आणि नाव नसलेले वाजवणारे

१९५६ साल म्हटले की आपल्या माणसाला दोन तारखा आठवतात. एक १४ ऑक्टोबर आणि दुसरी ६ डिसेंबर. आज आम्हाला त्याच सालातल्या तिसऱ्या एका तारखेबद्दल लिहायचे आहे. २२ जून १९५६. नागपूरच्या धम्मदीक्षेला अजून पावणेचार महिने होते. त्या दिवशी अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात, हॅकनसॅक नावाच्या गावी, एका घराच्या बैठकीच्या खोलीत चार काळी माणसे आपापली वाद्ये घेऊन जमली. घर रूडी व्हॅन गेल्डर नावाच्या तरुणाच्या आईवडिलांचे. हा तरुण दिवसा लोकांच्या चष्म्याचे नंबर काढायचा आणि उरलेल्या वेळात त्या खोलीत ध्वनिमुद्रण करायचा. टेनर सॅक्सोफोनवर सनी रोलिन्स, पियानोवर टॉमी फ्लॅनगन, उभ्या बासवर डग वॉटकिन्स आणि ड्रमवर मॅक्स रोच. पाच रचना वाजल्या, सगळ्या मिळून चाळीस मिनिटांच्या आसपास. ‘प्रेस्टिज’ कंपनीने ती तबकडी ‘सॅक्सोफोन कोलोसस’ या नावाने बाजारात आणली.

त्या वेळी अमेरिकेच्या दक्षिणेत माँटगोमेरी शहरातले काळे लोक सहा महिन्यांपासून बसमध्ये पाऊल टाकत नव्हते. रोझा पार्क्स या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी गोऱ्या उतारूसाठी जागा सोडायला नकार दिला म्हणून त्यांना अटक झाली होती, आणि ५ डिसेंबर १९५५ पासून बसवर बहिष्कार सुरू होता. माणसे मैलोन्‌मैल पायी कामावर जात होती. इकडे आपल्या देशात एक मोठा समाज धर्म सोडण्याच्या तयारीत होता. या दोन गोष्टींचा त्या तबकडीशी थेट संबंध नाही. पण ती वाजवणारे चौघे त्याच बहिष्कृत माणसांतले होते आणि हे काही योगायोगाने घडलेले नाही.

‘जॅझ? ते तर पंचतारांकित हॉटेलातल्या लोकांचे संगीत!’ असे म्हणून वाचकांनी पान उलटू नये. हा समज आपल्याकडे का झाला ते सांगण्यासारखे आहे. १९३५ साली लिऑन अ‍ॅबी यांचा काळ्या वादकांचा संच मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला. त्याच्या मागोमाग टेडी वेदरफर्डसारखे वादक आले. वेदरफर्ड पुढे १९४५ साली कलकत्त्यात पटकीने वारले. ऐकायला कोण होते? साहेब, संस्थानिक, पारशी शेठ आणि त्यांच्या मेजवान्या. आपल्या देशात ज्यांना हलक्या जातीच्या माणसाचा विटाळ होत होता त्यांच्यापैकी कित्येकांना सातासमुद्रापलीकडच्या काळ्या माणसाच्या वाजवण्यावर नाचायला काही अडचण आली नाही. त्याच १९३५ च्या १३ ऑक्टोबरला बाबासाहेबांनी येवल्यात घोषणा केली की आपण हिंदू म्हणून मरणार नाही. ताजच्या नाचघरात त्या घोषणेचा अर्थ किती जणांना कळला असेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा. काळ्यांचे संगीत इथे आले ते असे वरच्या मजल्यावर उतरले. खाली आपल्यापर्यंत ते पोचलेच नाही. मग त्याला आपण परके समजलो तर त्यात नवल काय?

आपल्या चळवळीने काळ्यांचे साहित्य मात्र जवळ केले. म. ना. वानखडे यांनी अमेरिकेतून परतल्यावर निग्रो लेखकांकडे दलित लेखकांचे लक्ष वेधले, जनार्दन वाघमारे यांनी त्या साहित्यावर मराठीत लिहिले, १९७२ साली तरुणांनी आपल्या संघटनेला नाव दिले तेही ‘ब्लॅक पँथर’वरून. बाबासाहेबांनी स्वतः १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, निग्रोंनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या होत्या. त्या पत्राला ड्यू बॉइस यांनी उत्तरही दिले. तेव्हा ड्यू बॉइस न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये शुगर हिल नावाच्या वस्तीत राहत होते. त्याच वस्तीत व्हर्जिन बेटांवरून आलेल्या कुटुंबातला एक सोळा वर्षांचा पोरगा त्या सुमारास टेनर सॅक्सोफोनवर हात बसवत होता. तोच हा सनी रोलिन्स. पत्रे, पुस्तके, जाहीरनामे आम्ही वाचले. त्यांच्या शेजारच्या घरातून येणारा आवाज ऐकायचा राहून गेला.

आता तो ऐकायला काही खर्च नाही. मोबाईलवर नाव टाकले की लागतो. ज्यांना सुरुवात कुठून करावी असा प्रश्न असेल त्यांनी पहिलीच रचना ऐकावी. तिचे नाव ‘सेंट थॉमस’. रोलिन्सची आई लहानपणी त्याला जे बेटावरचे गाणे म्हणून दाखवायची त्याच चालीवर ती बांधलेली आहे. सुरुवात एकट्या ड्रमची. मॅक्स रोच काठ्या अशा चालवतो की आपल्या माणसाच्या पायाला आपोआप हिसका बसावा. मग सॅक्सोफोन ते साधे, हसरे गाणे वाजवतो आणि त्यानंतर रोलिन्स फक्त दोन सुरांशी खेळू लागतो. दोनच सूर! ते उलटवतो, लांबवतो, मध्येच गप्प बसतो, पुन्हा तेच दोन सूर वेगळ्या जागी टाकतो. पुढे ड्रम एकटा वाजून झाल्यावर चाल बदलते. बेटावरचा ठेका जातो आणि जॅझवाले ज्याला ‘स्विंग’ म्हणतात तो सुरू होतो.

हा स्विंग काय असतो हे पुस्तकी भाषेत सांगणे अवघड आहे. मात्रा चार, पण प्रत्येक मात्रेचे दोन तुकडे सारखे पडत नाहीत. पहिला लांब, दुसरा आखूड. बासवाला चार पावले टाकत एका चालीने चालत राहतो, ड्रमवाल्याची झांज ‘टिंग-ट-टिंग’ करत त्याला सोबत करते, आणि सॅक्सोफोनवाला त्या दोघांच्या किंचित मागे रेंगाळतो. मुद्दाम. पडतो की काय असे वाटेपर्यंत रेंगाळतो आणि ऐन वेळी सम गाठतो. लग्नाच्या वरातीपुढे चांगला हलगीवाला हेच करतो. लेझीमवाल्यांचे पाय ठोक्यावर असतात आणि त्याची काडी ठोक्याच्या अलीकडे-पलीकडे नाचत असते. अंगात येते ते त्या अलीकडे-पलीकडेमुळे. नुसत्या घड्याळी ठोक्याने कुणाच्या अंगात आलेले आम्ही पाहिलेले नाही.

सोलापुरात आम्ही ही रचना बँडमध्ये आयुष्य घालवलेल्या दोघा जुन्या वाजवणाऱ्यांना ऐकवली. एक क्लॅरिनेटवाले, दुसरे हलगीवर वाढून पुढे साइड ड्रमवर गेलेले. ड्रमवाले डोळे मिटून बसले आणि मांडीवर बोटे चालवू लागले. क्लॅरिनेटवाल्यांनी पहिला प्रश्न केला, ‘‘ह्यो गडी दम कुठं घेतोय?’’ वाजवणाऱ्याचा प्रश्न होता तो, समीक्षकाचा नव्हे. रचना संपल्यावर थोडा वेळ कुणी बोलले नाही. मग ते म्हणाले, ‘‘सुपारी किती मिळाली आसंल ह्याला?’’ आम्ही सांगितले की तबकडीच्या धंद्यात मोठा वाटा कंपनीचाच असायचा. त्यावर त्यांनी मान डोलावली. त्यांना नवीन काही कळले नव्हते.

तबकडीतली शेवटची रचना ‘ब्ल्यू सेव्हन’ अकरा मिनिटांहून मोठी आहे. सुरुवातीला बास एकटाच चालत येतो, मग रोलिन्स एक लहानसा तुकडा मांडतो आणि त्यातूनच सगळी इमारत उभी करतो. गुंथर शुलर नावाच्या गोऱ्या संगीतकाराने १९५८ साली तिच्यावर एक प्रदीर्घ लेख लिहिला आणि विद्वानांना पटवून दिले की हा माणूस मनाला येईल ते वाजवत नाही, त्याच्या वाजवण्यात विचाराची बांधणी आहे. लेख चांगला होता. रोलिन्सला मात्र त्याने अस्वस्थ केले. आपण काय करतो हे असे उलगडून वाचल्यावर वाजवताना आपण स्वतःकडेच पाहू लागू, अशी भीती त्याला वाटली. आमचा मुद्दा निराळा आहे. हलगीवाला ज्या बुद्धीने वाजवतो तिला ‘बुद्धी’ म्हणणारा एक तरी लेख आपल्याकडे कुणी लिहिला का? ‘रांगडा ठेका’, ‘गावरान बाज’, ‘अंगभूत लय’ हे शब्द आम्ही खूप वाचले. अंगभूत म्हणजे काय, तर शिकावे लागत नाही, जातीबरोबर येते! एखादा माणूस वीस वर्षे घासून जे कमावतो ते त्याच्या जन्मावर जमा करून टाकायचे, ही या शब्दांमागची युक्ती आहे. अमेरिकेतले गोरे काळ्यांबद्दल हेच म्हणत होते, की लय यांच्या रक्तातच असते.

इथपर्यंत साम्य आहे. पण काळे आणि आपण यांच्यात, निदान वाद्याच्या बाबतीत, एक मूलभूत फरक आहे आणि तो नीट समजून न घेता केलेली तुलना आपल्याला फसवेल. साउथ कॅरोलिना वसाहतीत १७३९ साली गुलामांनी स्टोनो नदीकाठी बंड केले. ते ढोल वाजवत चालून गेले होते. पुढच्याच वर्षी, १७४० साली, कायदा झाला आणि गुलामांच्या ढोलावर बंदी आली. ढोल म्हणजे निरोप, ढोल म्हणजे एकत्र येणे, हे मालकांना कळले होते. आपल्याकडे उलटे झाले. ढोल, डफडे, हलगी वाजवणे हे आपल्यावर लादलेले काम होते. दवंडी आपण द्यायची, पाटलाच्या पोळ्याला आपण वाजवायचे, देवाच्या पालखीपुढे आपण वाजवायचे आणि देवळाच्या पायरीशी थांबायचे. मांग, महार, होलार यांना हे काम बलुत्याच्या, शिळ्या तुकड्यांच्या बदल्यात नेमून दिलेले. तिथे काळ्या माणसाच्या हातून ढोल हिसकावून घेतला, इथे तो आपल्या गळ्यात अडकवला.

म्हणून तिथे ढोल हाती घेणे हे बंड ठरले आणि इथे तो खाली ठेवणे हे बंड ठरले. महाडनंतर गावोगाव आपल्या माणसांनी मेलेली ढोरे ओढायचे नाकारले, तसेच सणाला, जत्रेला वाजवायचेही नाकारले. त्यासाठी मार खाल्ला, बहिष्कार सोसले. ज्यांनी हलगी आडाला टांगली किंवा विहिरीत टाकली त्यांना आज कुणी ‘तुम्ही लोककलेचे नुकसान केले’ म्हणून दूषण देत असेल तर त्याला आम्ही विचारू, की तुमच्या आजोबांनी ती का नाही वाजवली? लोककला एवढी प्रिय होती तर गळ्यात अडकवून घ्यायची होती!

बाबासाहेबांनीही या बाबतीत कठोर भूमिका घेतली होती. महाडच्या कामासाठी पठ्ठे बापूरावांनी तमाशाच्या खेळांचे उत्पन्न देऊ केले आणि बाबासाहेबांनी ते घेतले नाही, ही हकीकत चळवळीत सर्वांना ठाऊक आहे. आपल्या समाजातल्या स्त्रियांना नाचवून मिळालेला पैसा त्यांना नको होता. हा नकार संगीताला होता काय? मुळीच नव्हता. भीमराव कर्डकांसारख्यांनी जलसे उभे केले, त्यात गणाला, गवळणीला फाटा देऊन समाजाचे प्रश्न आणले, आणि बाबासाहेबांनी त्या जलशांना जवळ केले. आपल्या उतारवयात बाबासाहेब व्हायोलिन शिकत होते. दिवसभराच्या कामानंतर व्हायोलिन खांद्याला लावणारा माणूस संगीताचा शत्रू नसतो. नको होती ती सक्ती. नको होता तो शिळा तुकडा. वामनदादा कर्डकांच्या पाठीमागे जी ढोलकी वाजली ती त्याच हातांची होती, पण तिला कुणी हुकूम दिलेला नव्हता.

सॅक्सोफोनची गोष्ट याहून वेगळी आहे. बेल्जियमच्या अ‍ॅडॉल्फ सॅक्सने १८४६ साली पॅरिसमध्ये त्याचे पेटंट घेतले. वाद्य प्रामुख्याने लष्करी बँडसाठी. फौजांबरोबर ते जगभर फिरले आणि आपल्याकडे आले. कोणत्याही स्मृतीत, पुराणात त्याचे नाव नाही. ते कुणी वाजवावे आणि कुणी वाजवू नये हे कोणत्याही ऋषीने लिहून ठेवलेले नाही. वीणेला हात लावायला जातीची आडकाठी होती. सॅक्सोफोनला फक्त पैसे लागत होते, आणि जुने घेतले तर तेही कमी. त्यामुळे ज्यांच्या बापाने सनई किंवा डफडे वाजवले त्यांची पोरे क्लॅरिनेट, ट्रम्पेट, सॅक्सोफोन घेऊन बँडमध्ये आली. सोलापूर जिल्ह्यातल्या होलार-मांग वस्त्यांमध्ये हे सहज पाहायला मिळेल. गिरणीत पाळी करायची आणि लगीनसराईत बँडमध्ये वाजवायचे, असे कित्येकांचे आयुष्य गेले. गिरण्या बंद पडल्या तेव्हा काहींना या दुसऱ्या धंद्यानेच तगवले.

पण बँडमध्ये जाऊन जात सुटली काय? ड्रेस मिळाला, खांद्यावर झालर आली, डोक्यावर टोपी आली. लग्नघरी पंगत मात्र शेवटची राहिली. दिव्याच्या बत्त्या डोक्यावर घेऊन चालणाऱ्या बाया आणि वाजवणारे बापे यांना वरातीत सर्वांत आधी उभे करतात आणि जेवायला सर्वांत शेवटी. पुण्या-मुंबईच्या अभिजनांना तर ‘बँडवाला’ हा शब्दच विनोदी वाटतो. सूर चढा लागला की ‘बँड वाजवला’, कुणाची फजिती झाली की ‘बँड वाजला’. दक्षिणेत कद्री गोपालनाथ यांनी हेच वाद्य कर्नाटक संगीताच्या मंचावर नेले. तेही नादस्वरम वाजवणाऱ्या घरातले, मैसूरच्या राजवाड्याचा बँड ऐकून सॅक्सोफोनकडे वळलेले. त्यासाठी त्यांना वाद्यात फेरफार करावे लागले आणि वर्षानुवर्षे मेहनत करावी लागली. महाराष्ट्रात असे दार कुठल्या सभेने उघडले असते, असे आम्हाला वाटत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. त्या तबकडीच्या पाकिटावर चार नावे छापलेली आहेत. नाव, त्यापुढे वाद्य. तारीख माहीत आहे, जागा माहीत आहे, ध्वनिमुद्रण करणारा माहीत आहे. म्हणून तर आम्ही सोलापुरात बसून, इतक्या वर्षांनी, बास वाजवणारा डग वॉटकिन्स होता असे ठामपणे लिहू शकतो. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने २०१६ च्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रणांच्या यादीत ही तबकडी घेतली. कुणी म्हणेल, चौकडी म्हणजे समता, चौघे बरोबरीने वाजवतात वगैरे. आम्हाला एवढे भाबडे व्हायचे नाही. नाव मोठे रोलिन्सचे आहे, बाकीच्यांचे लहान. कंपन्या आणि क्लब बहुतेक गोऱ्यांच्या मालकीचे. न्यूयॉर्कमध्ये तर दारू मिळणाऱ्या क्लबात वाजवायला पोलिसांचे कार्ड लागे आणि ते काढून घेतले की बिली हॉलिडे, थेलोनियस मंक यांच्यासारख्यांचीही रोजी बुडे. पण लहान अक्षरात का होईना, नाव छापले गेले. त्या लहान अक्षरांच्या जोरावर पुढच्या पिढीला इतिहास लिहिता आला.

आपल्याकडे नाव कुणाचे? बँडच्या गाडीवर मोठ्या अक्षरात मालकाचे आणि बँडचे. वाजवणारे वीस-पंचवीस, त्यांचे नाव कुठेच नाही. सिनेमातही तेच. मनोहारी सिंग यांचा सॅक्सोफोन ज्याने ऐकला नाही असा माणूस या देशात सापडायचा नाही. ‘काश्मीर की कली’ (१९६४) मधल्या ओ. पी. नय्यर यांच्या गाण्यात तो केवढा बोलतो! पण तबकडीवर गायक, गीतकार, संगीतकार यांची नावे आणि वाजवणाऱ्यांचा पत्ता नाही. आणि तेच तुकडे ऐकून ऐकून आपल्या बँडवाल्याने बसवले आणि हजारो लग्नांत वाजवले, त्याचे नाव तर त्याच्याही खाली. लग्नाच्या व्हिडिओत तो दिसतो. नवरदेवाच्या घोड्यामागे, अर्धा चेहरा.

मॅक्स रोच आणि रोलिन्स यांनी पुढे काय केले तेही सांगायला हवे, नाही तर वाचकाला वाटेल की हे निव्वळ मौजेचे वाजवणे होते. रोलिन्सला ऐन नावारूपाला आल्यावरही न्यूयॉर्कमध्ये काळा म्हणून घर मिळेना. १९५८ साली त्याने ‘फ्रीडम स्वीट’ ही जवळपास वीस मिनिटांची रचना केली. ड्रमवर पुन्हा रोचच होता. पाकिटावर त्याने चार ओळी लिहिल्या, त्यांचा आशय असा की अमेरिकेची बोली, विनोद, संगीत हे सगळे निग्रोच्या देण्यावर उभे आहे आणि त्याच निग्रोला तिथे छळले जाते. कंपनीला ते जड गेले. पुढे तीच तबकडी दुसऱ्या निरुपद्रवी नावाने विकली गेली. १९६० साली रोचने ‘वुई इन्सिस्ट’ काढली. तिच्या मुखपृष्ठावर उपाहारगृहाच्या फळीशी बसलेले काळे तरुण आहेत आणि पलीकडे गोरा वाढपी. वेगळी कपबशी ज्याने पाहिली आहे त्या आपल्या वाचकाला या चित्राचा अर्थ सांगावा लागणार नाही.

रोलिन्स आपल्याकडेही आला होता. १९६० च्या दशकाच्या अखेरीस तो मुंबईत, पवईच्या चिन्मयानंदांच्या आश्रमात येऊन राहिला. गंमत अशी, की त्याच आश्रमात १९६४ साली विश्व हिंदू परिषदेची स्थापना झाली होती. मनःशांती शोधत आलेल्या हार्लेमच्या पोराला या देशाने तोच दरवाजा दाखवला! त्याला वेदान्तात काय मिळाले ते त्याचे त्याला ठाऊक. पण त्याला कुणी नायगावला, वरळीच्या चाळींत किंवा सोलापूरच्या बुधवार पेठेत आणले असते, तर त्याला त्याचीच माणसे भेटली असती. १९७८ च्या फेब्रुवारीत तो ‘जॅझ यात्रा’ महोत्सवात वाजवायला पुन्हा मुंबईत आला. त्याच वर्षी पु. ल. देशपांडे यांचे ‘तीन पैशाचा तमाशा’ रंगभूमीवर आले. ज्या जर्मन नाटकावरून ते घेतले, त्यातल्याच कुर्ट वाइलच्या एका चालीवर रोलिन्सने ‘सॅक्सोफोन कोलोसस’मध्ये एक रचना वाजवली आहे. मुंबई-पुण्याचे अभिजन त्या वर्षी अशा रीतीने दोन्ही बाजूंनी श्रीमंत झाले. त्याच वर्षीच्या जुलैत विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात आपली घरे पेटली. सोलापूरच्या सीमेपलीकडेच.

रोलिन्सची एक गोष्ट मात्र आम्हाला आजच्या सोलापूरसाठी फार मोलाची वाटते. १९५९ साली, नाव गाजत असताना, त्याने जाहीर वादन बंद केले. आपल्याला अजून शिकायचे आहे, असे त्याचे म्हणणे. तो रोज तासन्‌तास सराव करी. पण शेजारी एक गरोदर बाई राहत होती. आपल्या आवाजाचा तिला त्रास होऊ नये म्हणून हा जगप्रसिद्ध वादक सॅक्सोफोन उचलून विल्यम्सबर्ग पुलावर जाऊ लागला. थंडीत, वाऱ्यात, खालून बोटी आणि शेजारून रेल्वे जात असताना. १९६१ पर्यंत हे चालले. परत आल्यावर १९६२ साली त्याने जी तबकडी केली तिचे नाव ‘द ब्रिज’, आणि तीही चौकडीचीच.

आपल्या जयंतीच्या मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतींबद्दल आम्ही लिहितो तेव्हा काही कार्यकर्ते रागावतात. ‘गणपतीत चालतो, मग जयंतीतच का खुपतो?’ हा त्यांचा प्रश्न खोटा नाही. नियम सगळ्यांना सारखाच हवा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. ती फक्त आपल्याच मिरवणुकीला दाखवणाऱ्या अधिकाऱ्याचा आम्ही निषेधच करू. पण बाबासाहेबांच्या अनुयायांनी आपले माप गणपतीच्या मंडळांवरून का घ्यावे? ज्या बोळातून ती भिंत जाते त्या बोळात आपलीच गरोदर बाई आहे, आपलाच म्हातारा आहे, परीक्षेला बसलेली आपलीच पोर आहे. शिवाय पैसा कुठे जातो हे पाहा. समाजाची वर्गणी. ती जाते भिंतीच्या भाड्यात, जनरेटरच्या डिझेलात. एक माणूस कॉम्प्युटरपुढे बसतो आणि आधीच कुणीतरी वाजवून ठेवलेले वाजते. पूर्वी याच वर्गणीतून हलगीवाले, बँडवाले, लेझीम शिकवणारे यांच्या घरी काही जायचे. आज त्यांच्यातला क्लॅरिनेटवाला हमाली करतो आणि बँडमध्ये त्याच्या जागी कॅसिओ आलेला आहे.

यावर कुणी म्हणेल, पुन्हा आपल्याच लोकांच्या गळ्यात हलगी अडकवायची का? अजिबात नाही. ज्याला वाजवायचे नाही त्याने वाजवू नये. त्याच्या पोराने वकील व्हावे, डॉक्टर व्हावे. १९२५ साली बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात वसतिगृह काढले ते पोरांनी हलगी शिकावी म्हणून नव्हे. पण ज्याला वाजवायचे आहे, ज्याला ते येते, त्याने ते उजळ माथ्याने, ठरवलेल्या पैशांत, आपल्या नावानिशी वाजवावे, आणि ते शिकण्यात कोणत्याही जातीच्या पोराला मनाई नसावी, पोरीला तर मुळीच नसावी. हलगी आडाला टांगणारा आजोबा आणि ती विजेच्या तापत्या शेगडीवर शेकून पुन्हा ताणणारा नातू यांच्यात आम्हाला विरोध दिसत नाही. आजोबाने नकाराचा हक्क मिळवला, म्हणूनच नातवाचे वाजवणे हे आता त्याचे स्वतःचे आहे.

सोलापूरच्या जयंती मंडळांपुढे आमची एक साधी सूचना आहे. येत्या एप्रिलच्या मिरवणुकीचे पत्रक छापाल त्यात अध्यक्ष, उपाध्यक्ष, खजिनदार, मार्गदर्शक आणि शुभेच्छुक यांच्या फोटोंच्या खाली चार बोटे जागा सोडा. तिथे वाजवणाऱ्यांची नावे छापा. नाव, वाद्य, गाव. बँड असेल तर सगळ्यांची, एकट्या मालकाचे नको. मिरवणूक निघण्याआधी, अजून गर्दी झालेली नसताना, त्यांना एका खोलीत बसवून त्यांची चाळीस मिनिटे मोबाईलवर नीट मुद्रित करा. व्हॅन गेल्डरकडेही खोलीच होती. पंखा बंद ठेवा, नाही तर आवाजात घरघर येते. त्या मुद्रणावर तारीख घाला. पत्रकाची एक प्रत आणि ते मुद्रण मंडळाच्या वाचनालयात जपून ठेवा, दुसरी प्रत वाजवणाऱ्यांच्या घरी द्या. आणि जेवणाची पंगत त्यांच्यापासून सुरू करा.